पार्सल, पिनकोड आणि अमानत

गेल्या शाबान महिन्यातली गोष्ट. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही आमच्या अम्मींना बारीक अक्षर लागत नव्हते. "रमजान तोंडावर आला. यंदा कुरआन शरीफ माझ्या हातून पुरा होतो की नाही?" असे त्या रोज म्हणत. आम्ही इंदापुरात पाहिले, कामासाठी बारामतीला गेलो तेव्हा तिथेही पाहिले. मोठ्या अक्षराची प्रत मिळाली, पण तिचे वजन अम्मींना पेलेना. शेवटी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मोबाईलवर तीस सुट्या पाऱ्यांचा ठळक अक्षरांतला संच शोधून दिला. सोमवारी इशाच्या नमाजनंतर दिल्लीच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे मागणी नोंदवली. आठ-दहा दिवस सहज जातील, असे आम्ही धरून चाललो होतो.

मंगळवारी सकाळी दुकानातून फोन आला. "आपल्याकडे वाचतात त्या लिखाईचा संच पाहिजे, की अरबस्तानात छापतात तसा?" दोन्हींत अक्षरांचे वळण आणि खुणा थोड्या वेगळ्या असतात. सवय नसलेले वयस्कर माणूस तिथे अडखळते. आम्हाला हे विचारायचे सुचले नव्हते; त्या दुकानदाराला सुचले. गुरुवारी दुपारी खोके दारात आले. आत प्रत्येक पारा स्वच्छ, कोपरे शाबूत, वर पावसापाण्यापासून जपणारे आवरण. अम्मींनी पहिला पारा मांडीवर घेतला आणि चष्मा सारखा करत हळूहळू वाचू लागल्या. आम्ही नुसते बघत राहिलो.

तेव्हा अब्बांची आठवण झाली. आम्ही शाळेत असताना त्यांनी उर्दू लुगत व्ही. पी. ने मागवली होती. पोस्टकार्ड टाकायचे, मग पोस्टमनची वाट पाहायची. तीन आठवड्यांनी तो आला, तेव्हा अब्बांनी डब्यातले साठवलेले पैसे मोजून दिले आणि पुडके हाती घेतले. वस्तू मिळताना पैसे देण्याची ही सोय भारतीय टपाल खात्याने १८७७ साली सुरू केली. आज ज्याला आपण 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतो, तिची रीत हीच. मुलांना ती नवी वाटते. आपल्या पणजोबांनाही ती ठाऊक असेल.

हा वेग आला कुठून? विमाने, महामार्ग, संगणक हे तर आहेच. पण एक साधी गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याची कल्पना राबवणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या महाराष्ट्राचे, संस्कृतचे पंडित. सहा आकड्यांपैकी पहिले तीन टपालाची छाननी कोणत्या जिल्ह्यात होणार ते सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. आता गंमत पाहा. आपला जिल्हा पुणे, पण बारामतीचा पिनकोड ४१३१०२ आणि इंदापूरचा ४१३१०६. म्हणजे सुरुवात सोलापूर शहरासारखी ४१३ ने, पुणे शहरासारखी ४११ ने नाही. 'जिल्हा पुणे' लिहून अंदाजाने ४११ टाकला, तर पार्सल भलत्याच वाटेला लागू शकते. आम्ही नववीच्या वर्गाला आपापला पत्ता लिहायला सांगितला, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांना पिनकोड आला नाही. गाव, मोहल्ला, जवळची खूण, पिनकोड आणि चालू असलेला फोन नंबर, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे.

सगळेच अनुभव गोड नसतात. आमच्या धाकट्या बहिणीने ईदच्या शिलाईसाठी मशीनची मोटर मागवली. आली ती वापरलेली, घासलेली. लोकांचे कपडे अडून राहिले. पण तिने खोके उघडताना मोबाईलवर चित्रीकरण केले होते. त्याच दिवशी तक्रार नोंदवली आणि नवव्या दिवशी पैसे परत आले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असे बंधन आहे. वस्तू सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला सहसा ती परत घ्यायला नकार देता येत नाही. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. ग्राहक आयोगाकडेही जाता येते आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दिल्ली-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

आपल्या दीनमध्ये ही गोष्ट नवी नाही. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याच्या मुभेला हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रूयत' म्हणतात. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर हुजूर (स.) यांना आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले होते. आज मोबाईलवरचा फोटो म्हणजे त्या ढिगाचा वरचा थर. आतला माल तसाच निघाला, तर व्यापाऱ्याने अमानत पाळली.

पण अमानत एकाच बाजूची नसते. ईदला घालायला ड्रेस मागवायचा, मिरवायचा आणि दोन दिवसांनी 'मापात बसला नाही' म्हणून परत पाठवायचा, हे आपल्या मोहल्ल्यांतही होऊ लागले आहे. पैसे दारात द्यायचे म्हणून मागवायचे आणि पार्सल आल्यावर फोनच उचलायचा नाही, हेही होते. त्या फेरीचा खर्च कोणाच्या तरी माथी बसतो. परत करण्याचा हक्क फसवणुकीपासून वाचण्यासाठी आहे, फसवण्यासाठी नाही. मुले हे आपल्याकडे बघूनच शिकतात.

त्या गुरुवारी पार्सल घेऊन आलेला मुलगा इंदापूरच्या उन्हात घामाघूम झाला होता. अम्मींनी त्याला बसवले, सरबत दिले, नाव-गाव विचारले. "आज दिवसभरात पाणी विचारणारं हे पहिलंच घर," तो म्हणाला. आता तो गल्लीत आला की आधी अम्मींची चौकशी करतो. कुठवर आल्या, तेही विचारतो. रमजानच्या सत्ताविसाव्या दिवशी अम्मींनी त्याला सांगितले, "पुरा झाला, बेटा. तुझ्यासाठीही दुवा केली आहे."