धुतलेला दात आणि त्याचे झाकण



‘रूट कॅनाल’ हे शब्द आता आपल्या घरांत परके राहिलेले नाहीत. कीड दाताच्या आतील मगजापर्यंत पोहोचली आणि रात्रीची झोप उडाली, की दंतवैद्य तो मगज काढतात, मुळातील नळी धुतात, ती भरतात आणि शेवटी वरून दात बंद करतात. सांगताना ही चार कामे एका वाक्यात मावतात. परंतु त्यांतील दुसरे काम चौथ्या कामाच्या आड येऊ शकते, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. आज तिचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम धुण्याचे प्रयोजन पाहू. मुळातील नळी सरळसोट नसते. तिला फाटे असतात, खाचा असतात. आणि तिच्या भिंती ज्या दंतिन नामक द्रव्याच्या बनलेल्या असतात, त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. तेथे हत्यार पोहोचत नाही. पोहोचलाच तर द्रव पोहोचतो. या कामी मुख्यतः सोडियम हायपोक्लोराइटचा द्राव वापरतात. विहिरीत टाकावयाच्या ब्लीचिंग पावडरीच्याच कुळातले हे द्रव्य. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्याचा सौम्य द्राव सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी प्रचारात आणला. जंतू मारणे आणि मृत पेशीजाल विरघळविणे ही दोन्ही कामे ते करते. हत्यार चालविताना भिंतीवर जो भुकटीचा लेप बसतो, त्यातील खनिज मात्र त्याला दाद देत नाही. त्यासाठी ई.डी.टी.ए. हे दुसरे द्रव्य लागते. त्याचा या कामी उपयोग नॉर्वेच्या नीगार्ड-ऑस्टबी यांनी १९५७ साली सुचविला.

आता झाकणाकडे वळू. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिले, की दाताच्या बाहेरील कठीण कवचावर फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरखरीत केले, तर राळेसारखे द्रव्य त्यावर घट्ट धरते. कवचाचे हे काम सोपे ठरले. आतील दंतिनाचे अवघड. दंतिनात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. सेंद्रिय भागात मुख्य वाटा कोलॅजेनच्या तंतूंचा. आम्लाने वरचे खनिज काढले, की या तंतूंचे जाळे उघडे पडते; चिकटद्रव्य त्यात झिरपते आणि तेथेच कठीण होते. जपानचे नाकाबायाशी यांनी १९८२ साली या मिश्र थराचे वर्णन केले.

आता अडचण कोठे आहे ते सहज ध्यानी येईल. ज्या तंतूंच्या आधारे झाकण धरावयाचे, त्यांचाच हायपोक्लोराइट नाश करते. शिवाय ते आपल्यामागे दंतिनात ऑक्सिजन ठेवून जाते. चिकटद्रव्य कठीण होते ते त्याच्या कणांची साखळी जुळल्यामुळे. ऑक्सिजन नेमकी ही साखळी तोडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचेही तसेच. लोणा लागलेल्या भिंतीवर रंग चढविला तर तो दिसावयास चांगला दिसतो, पण धरत नाही. तशातलाच हा प्रकार.

मग धुणेच सोडून द्यावे काय? मुळीच नाही. जंतू आत ठेवून झाकण घालणे म्हणजे चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखे आहे. उपाय आहे तो क्रमात आणि शेवटच्या धुण्यात. आवळ्यात जे ‘क’ जीवनसत्त्व असते, त्याच्या सोडियम क्षाराचा सुमारे १० टक्क्यांचा द्राव लावला, तर उरलेल्या ऑक्सिजनचा प्रभाव ओसरतो आणि चिकटण्याची शक्ती बरीचशी परत येते, असे २००१ सालच्या प्रयोगांत आढळले. झाकणाच्या जागेचा पातळ थर खरवडून ताजे दंतिन उघडे करणे हा दुसरा मार्ग. क्लोरहेक्सिडीन नावाचे जंतुनाशक तर कोलॅजेनला कुरतडणाऱ्या विकरांना आवरून जोडाचे आयुष्य वाढवू शकते. मात्र ते हायपोक्लोराइटमध्ये मिसळले, की तपकिरी साका तयार होऊन दंतिनाची छिद्रे बुजतात. म्हणून दोहोंच्या मध्ये नळी नीट धुऊन कोरडी करावी लागते. सगळीच चिकटद्रव्ये सारखी बिघडतात असेही नाही. आपले द्रव्य कोणत्या जातीचे आहे, हे दंतवैद्याने ओळखावयाचे असते.

कचेरीत काम करणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. एका खात्याने आपले काम चोख करावे आणि त्यानेच पुढच्या खात्याची अडचण व्हावी, हे आमच्या नित्य परिचयाचे. तेथेही दोष कामाचा नसतो. दोन कामांमधील दुवा कोणी पाहिलेला नसतो, एवढेच.

आणि हा दुवा रोग्याच्याही हाती असतो. मूळ भरल्यावर पुष्कळदा तात्पुरते झाकण घालून पुढची तारीख दिली जाते. दुखणे थांबलेले असते, म्हणून ती तारीख टळते. झाकण झिरपू लागते, लाळेबरोबर जंतू पुन्हा मुळाकडे उतरतात, आणि मगज नसल्यामुळे दात आता ओरडूनही सांगत नाही. रे आणि ट्रोप यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या क्षकिरण-पाहणीतही मुळाभोवतीच्या आरोग्याचा वरच्या झाकणाच्या प्रतीशी निकट संबंध दिसून आला. तात्पर्य, ठणका थांबला म्हणजे उपचार संपला, असे समजू नये. पक्के झाकण बसेल तेव्हाच तो संपला, असे मानावे.