नव्या बुद्धिबळ क्लबची ऑर्डर कशी पुरवाल?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बातुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश जगज्जेते झाले होते. अशा वेळी मोहल्ल्यातल्या मुलांनी बुद्धिबळाचा क्लब काढला तर नवल नाही. क्लबची पहिली ऑर्डर लहान असते. पण ती नीट पुरवली तर ग्राहक कायमचा होतो, याकडे आम्ही व्यापारी बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

क्लबला नक्षीदार, चकचकीत सेट देऊ नका. तो दिवाणखान्यात शोभतो, खेळात मात्र मोहरे पटकन ओळखू येत नाहीत आणि पट दिव्याखाली चमकतो. क्लबला हवा स्टॉन्टन घाटाचा साधा सेट. १८४९ मध्ये लंडनच्या बाजारात आलेला हा घाट आजही स्पर्धांत चालतो. राजाची उंची सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, पटाचे घर पाच ते सहा सेंटिमीटर, मोहऱ्यांचा तळ जड. एका घरात चार प्यादी नेमकी बसली की माप जुळले समजावे.

हिशेब सोपा आहे. वीस सभासद एकाच वेळी खेळणार असतील तर दहा पट आणि दहा सेट लागतात. प्यादे शेवटच्या रांगेत पोचले की वजीर होतो. म्हणून ३२ मोहऱ्यांबरोबर दोन जादा वजीर द्यावेत. घड्याळे सुरुवातीला चार-पाच पुरतात. शिकवण्यासाठी भिंतीवर टांगायचा एक मोठा पट हवा.

रोजच्या खेळाला प्लॅस्टिकचे मोहरे आणि गुंडाळता येणारा पट स्वस्त पडतो, हे ग्राहकाला सरळ सांगावे. लाकडी मोहऱ्यांत अमृतसरच्या कारागिरांचे नाव मोठे आहे. इतर मोहरे लेथवर उतरतात, घोडा मात्र हातानेच कोरावा लागतो. म्हणून सेटची किंमत घोड्यावर ठरते.

मग आपल्या कारागिरांना काम कोणते? मोहऱ्यांच्या पेट्या, भिंतीवरचा पट आणि टेबले सुतारांकडे, पिशव्या शिंप्यांकडे, हरवलेले प्यादे किंवा तुटलेला मुकुट खराद्याकडे. हे काम बाहेरगावचा घाऊक व्यापारी करून देत नाही. ते दरवर्षी निघते आणि जवळच्या माणसाकडेच येते.

या खेळाचे आणि कारागिराचे नाते जुने आहे. भोपाळचे मोहम्मद रफिक खान सुतारकाम करीत पुढे आले आणि १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवले.

तेव्हा ऑर्डर घेताना आधी एक नमुना दाखवा, माप बिलावर लिहा आणि सुटा मोहरा मिळेल अशी हमी द्या. क्लब टिकला तर आपला धंदाही टिकेल.