मोटारसायकलवरचा वाटाड्या

समजा, तुमच्या मामांनी मोटारसायकलवरून पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचे ठरवले आहे. वाट दाखवणारे जीपीएस यंत्र हँडलवर बसवायचे आहे. मामा म्हणतात, ‘‘तुम्ही पोरे विज्ञान शिकता ना? मग यंत्र तुम्हीच निवडा आणि बसवूनही द्या!’’

दुकानात गेलात तर विक्रेता पडद्याचा आकार सांगेल, रंग सांगेल. पण हे यंत्र नेमके करते काय ते आपण आधी पाहू, कारण निवड त्यावरच ठरते.

पुष्कळांना वाटते की हे यंत्र उपग्रहाला ‘मी कुठे आहे?’ असे विचारते आणि उपग्रह त्याला उत्तर देतो. तसे काही होत नाही. घरातल्या रेडिओसारखे ते फक्त ऐकते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत सांगत असतात, ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत.’ वीज चमकल्यावर किती सेकंदांनी गडगडाट ऐकू आला ते मोजून वीज किती दूर पडली हे तुम्ही काढले असेल. येथेही तेच गणित आहे, फक्त ध्वनीच्या जागी रेडिओलहरी आहेत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला त्यांना सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो.

आता खरी अडचण लक्षात घ्या. वेळ मोजताना सेकंदाच्या एका दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते! उपग्रहात अणुघड्याळे असतात. मामांच्या हँडलवर अणुघड्याळ कोठून आणायचे? तेथे असते साधे क्वार्ट्झचे घड्याळ. म्हणून एक युक्ती केली आहे. अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञात राशींसाठी तीन उपग्रह पुरले असते; पण यंत्र आपल्या घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी मानते आणि चौथ्या उपग्रहाचे ऐकून चार समीकरणे सोडवते. जाता जाता सांगायचे तर, उपग्रहातील घड्याळ सापेक्षतेच्या नियमांमुळे जमिनीवरच्या घड्याळाहून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ते आधीच जमेस धरले नसते, तर अंतराची चूक दिवसाला ११ किलोमीटरने वाढत गेली असती. आइन्स्टाइन मोटारसायकलच्याही उपयोगी पडतो तो असा.

यावरून निवडीची पहिली कसोटी मिळते. ताम्हिणीत एका बाजूला उभा कडा असतो आणि आकाशाची एक पट्टीच दिसते. त्या पट्टीत चार उपग्रह सापडले पाहिजेत. शिवाय काही लहरी कड्यावर आपटून, लांबचा फेरा घेऊन येतात आणि यंत्राला वाटते की उपग्रह आहे त्याहून दूर आहे. म्हणून जीपीएसबरोबरच रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू आणि आपले नाविक यांचेही संदेश ऐकणारे यंत्र घ्यावे. ते दोन वेगळ्या कंप्रतांवर ऐकणारे असेल तर अधिक चांगले, कारण परावर्तित लहरी त्याला बऱ्याच अंशी ओळखता येतात. मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. मे २००० पूर्वी अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे सुमारे १०० मीटरचा फरक पडे आणि शेजारच्या रस्त्यावर असल्याचा भास होई.

‘फोनच का नको?’ असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. जागा शोधायला मोबाइलचे जाळे लागतच नाही. जाळे लागते ते नकाशा उतरवायला. घाटातला नकाशा घरीच उतरवून घेतला तर ‘रेंज’ गेली तरी वाट दिसते. पण मोटारसायकलचे हँडल ही फोनला मानवणारी जागा नव्हे. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ते सुमारे ६७ हिसके देते. काही फोनच्या कॅमेऱ्यात भिंग अधांतरी ठेवलेले असते आणि हात हलला तरी चित्र स्थिर यावे म्हणून चुंबकांच्या साहाय्याने ते सरकवले जाते. ही नाजूक रचना अशा कंपनांनी बिघडू शकते, असा इशारा २०२१ साली ॲपल कंपनीनेच दिला होता. मोटारसायकलसाठी खास बनवलेल्या यंत्रात असा कॅमेरा नसतो, पडदा उन्हात दिसतो, हातमोजे घालूनही बोटाला दाद देतो आणि पावसाचे पाणी आत जात नाही. किंमत मात्र एखाद्या चांगल्या फोनइतकी पडते. माझे मत विचाराल तर वर्षातून दोनदा फिरायला जाणाऱ्या मामांनी घरातला जुना फोनच वापरावा. पण खाली रबरी गादी असलेला धारक घ्यावा आणि पावसासाठी आवरण घ्यावे.

बसवताना यंत्र इतके वर असावे की रस्त्यावरून नजर फारशी खाली न्यावी लागू नये. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले की मोटारसायकल ३४ मीटर न पाहता पुढे गेली. म्हणून वळणे आवाजाने सांगण्याची सोय चालू करावी आणि पत्ता निघण्यापूर्वीच भरावा.

विजेची जोडणी करताना घाई नको. मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टची, फोनला लागतात ५ व्होल्ट; मध्ये रूपांतरक हवा. ५ व्होल्ट आणि २ ॲम्पिअर म्हणजे १० वॅट. रूपांतरातली थोडी गळती धरली तरी बॅटरीतून सुमारे १ ॲम्पिअर प्रवाह जाईल. तेव्हा बॅटरीच्या धन टोकाजवळ लहानसा, २-३ ॲम्पिअरचा फ्यूज घालावा. तार किल्लीच्या पुढून घ्यावी, म्हणजे गाडी बंद केली की प्रवाहही बंद. तसे न केले आणि रूपांतरक नुसता बसून २० मिलिॲम्पिअर खात राहिला, तर दिवसाला जवळजवळ अर्धा ॲम्पिअर-तास जातो. लहान मोटारसायकलची ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी किती दिवसांत रिकामी होईल ते तुम्हीच काढा. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, तार ताणली जाता कामा नये. ही जोडणी गॅरेजवाल्याच्या देखरेखीखाली करा, बरे का!

आता यंत्राची मांडणी. वाहन म्हणून ‘दुचाकी’ निवडा. नाहीतर पुण्याहून मुंबईला जाताना ते तुम्हाला मोटार समजून द्रुतगती महामार्गावर नेईल आणि तेथे दुचाकींना बंदी आहे. नवे यंत्र प्रथम सुरू कराल तेव्हा ते पाव तास उघड्यावर ठेवा, कारण सगळ्या जीपीएस उपग्रहांचे वेळापत्रक आकाशातून यायला साडेबारा मिनिटे लागतात.

अक्षांश-रेखांश भरताना फार सांभाळा. पुण्याचा अक्षांश दशांशात १८.५२ अंश आहे. पण यंत्र अंश-कलांवर लावलेले असेल आणि मामांनी १८ अंश ५२ कला असे भरले तर? १८.५२ अंश म्हणजे १८ अंश ३१ कला. फरक २१ कलांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा एक कला सुमारे १.८५ किलोमीटर. गुणाकार केला की ३९ किलोमीटर येतात! घरी परतणारे मामा राजगुरुनगरच्या आसपास जाऊन पोहोचतील आणि यंत्र बिनदिक्कत सांगेल, ‘आपले ठिकाण आले.’

फाट्यावर थांबलेले असताना पडद्यावरचा बाण गरगरू लागला तर घाबरू नका. जीपीएसला दिशा कळते ती आधीची जागा आणि आताची जागा यांवरून. उभ्या गाडीला दिशाच नसते. यंत्रात होकायंत्र असले तरी धारकातला चुंबक त्याला फसवतो. दहा-वीस मीटर पुढे गेले की बाण सरळ होतो.

पण सर्वांत मोठी चूक उपग्रहांची नसते, नकाशाची असते. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात फोनवरचा नकाशा पाहत रात्री निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्यात गेली. दोघे बाहेर पडू शकले, चालक बुडून मृत्यू पावला. नकाशातला पूल खराच होता. पण पाणी चढले की तो पूल बुडतो, हे नकाशाला ठाऊक नव्हते. गावातल्या कोणालाही ते ठाऊक असणार. म्हणून मामांच्या मार्गातले पूल आणि घाट बंद आहेत का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी तेथल्या एखाद्या माणसाला फोन करून विचारून घ्या. विशेषतः पावसाळ्यात ताम्हिणीत दरडी कोसळतात, त्याची दखल नकाशा घेईपर्यंत वेळ जातो.

यंत्र मामांच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षाही घ्या. गच्चीवर एकाच जागी ठेवून दर पाच मिनिटांनी अक्षांश आणि रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. पाचव्या स्थळातला १ म्हणजे सुमारे १ मीटर. अशा वीस नोंदी आलेखकागदावर ठिपक्यांनी मांडा. मग तेच एखाद्या उंच इमारतीच्या भिंतीला खेटून करा. दोन्ही ठिपक्यांचे घोळके किती पसरले आहेत ते पट्टीने मोजा आणि भिंतीजवळचा घोळका कोणत्या बाजूला सरकला आहे तेही पाहा.