धानाचा भाव ठरतो कुठे?

भंडारा शहराजवळ, वैनगंगेच्या काठी कारधा आहे. हा सारा मुलूख धानाचा. बाजार मोकळा असावा की सरकारच्या ताब्यात, यावर शहरात चर्चा होते. इथल्या घरांचा वर्षाचा हिशेब मात्र त्या उत्तरावर उभा असतो. म्हणून याबद्दलचे काही समज तपासून घेऊ.

गैरसमज : हमीभाव हा कायद्यानं मिळालेला हक्क आहे.
वस्तुस्थिती : हमीभाव केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं, पण प्रत्येक खरेदीदारावर तो बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा नाही. 2023-24 मध्ये साधारण धानाला क्विंटलमागे 2183 रुपये दर होता. तो मिळायचा तर खरेदी केंद्र वेळेवर उघडावं लागतं, सातबारा दाखवून नोंदणी करावी लागते आणि ओलावा 17 टक्क्यांच्या आत लागतो. चुकाऱ्यासाठी थांबण्याची ऐपत नसलेला शेतकरी मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला धान देतो.

गैरसमज : सरकारी खरेदी म्हणजे सगळा व्यवहार सरकारचा.
वस्तुस्थिती : खरेदी पणन महासंघाची असली तरी भरडाई खासगी राइस मिलच करतात. शिवाय 2023-24 मध्ये 'अ' दर्जाच्या धानाला साधारण धानापेक्षा क्विंटलमागे फक्त 20 रुपये जास्त होते. त्यामुळे एचएमटीसारख्या बारीक धानाला चांगला भाव हवा असेल, तर खुल्या बाजाराकडेच पाहावं लागतं.

गैरसमज : जगात तांदूळ महागला की शेतकऱ्याचा फायदा होतो.
वस्तुस्थिती : जगातल्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे 40 टक्के. 20 जुलै 2023 रोजी, ऐन रोवणीच्या दिवसांत, केंद्रानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगात भाव चढले, त्याचा लाभ थायलंड आणि व्हिएतनामला झाला. ही बंदी सप्टेंबर 2024 च्या अखेरीस उठली. देशातली महागाई रोखणं हा तिचा हेतू होता, आणि गरिबाच्या ताटाची काळजी रास्तच आहे. पण त्या काळजीचा भार एकट्या धान उत्पादकावर टाकणं रास्त नाही.

गैरसमज : जागतिक बाजाराशी खेड्याचा संबंध नाही.
वस्तुस्थिती : खतांपैकी युरियाची किंमत सरकार बांधून ठेवतं, पण पोटॅश जवळजवळ पूर्ण आयात होतं. त्यावर 2010 पासून सरकार ठरावीक अनुदान देतं. त्यामुळे परदेशात दर भडकले की इथली गोणीही महागते.

थोडक्यात, शेतकरी खत घेतो तेव्हा त्याला जगाचा बाजार लागू होतो आणि धान विकायच्या वेळी सरकारचं कुलूप. नियंत्रण असावं की नसावं, एवढ्यावर वाद अडकवू नका. निर्यातीचे नियम रोवणीआधी जाहीर करा, हंगामात बदलू नका आणि बदलावेच लागले तर शेतकऱ्याला भरपाई द्या, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करून पुढे न्यावी.