भागीदाराच्या व्यवसायखर्चाची प्राप्तिकरातील वजावट

भागीदाराच्या व्यवसायखर्चाची प्राप्तिकरातील वजावट : भागीदारी संस्थेचा व्यवसाय चालविताना संस्थेने अथवा तिच्या भागीदाराने केलेला खर्च, करपात्र उत्पन्न ठरविण्यापूर्वी ढोबळ उत्पन्नातून कमी करण्याची कायदेशीर तरतूद. भारतात ही वजावट मुख्यत्वे तीन गोष्टींवर अवलंबून असते : खर्च कोणी केला, तो कोणाच्या उत्पन्नासाठी झाला आणि भागीदारीच्या करारनाम्यात त्याविषयी काय नमूद केले आहे. एकच खर्च योग्य हिशेबात दाखविल्यास वजा होतो, अन्यथा त्यावर कर भरावा लागतो.

भागीदाराचे कायदेशीर स्थान : भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ अनुसार, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने त्यांपैकी काहींनी चालविलेल्या व्यवसायातील नफा वाटून घेण्यास संमत झालेल्या व्यक्तींमधील संबंध म्हणजे भागीदारी. या व्याख्येप्रमाणे संस्था ही भागीदारांहून वेगळी विधिव्यक्ती नाही. म्हणून भागीदार स्वतःच्याच संस्थेचा नोकर होऊ शकत नाही. त्याला वेतन म्हणून दिलेली रक्कम हा वस्तुतः नफ्याचाच विशेष वाटा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. प्राप्तिकर कायदा मात्र संस्थेला स्वतंत्र करदाता मानतो. मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, २००८ खाली स्थापन झालेल्या संस्था विधिव्यक्ती असल्या, तरी प्राप्तिकराच्या दृष्टीने त्यांचीही गणना भागीदारी संस्थांतच होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील मूळ योजनेत नोंदणीकृत संस्थेवर सौम्य दराने कर आकारला जाई आणि शिल्लक नफा भागीदारांत विभागून त्यांच्याकडूनही कर घेतला जाई. भागीदारास दिलेले वेतन, व्याज, कमिशन इत्यादींची वजावट संस्थेस मिळत नसे. १९९२ च्या वित्त अधिनियमाने ही पद्धत १९९३–९४ या करनिर्धारण वर्षापासून बदलली. संस्थेने आपल्या उत्पन्नावर पूर्ण कर भरावा, भागीदाराच्या हाती येणारा नफ्याचा वाटा करमुक्त असावा आणि भागीदारास दिलेला मेहनताना व व्याज ठराविक मर्यादेपर्यंत संस्थेच्या उत्पन्नातून वजा होऊन भागीदाराच्या उत्पन्नात करपात्र ठरावे, अशी नवी योजना आली. १९६१ च्या अधिनियमाच्या जागी २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर अधिनियम संमत झाला व त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. कलमांचे क्रमांक त्यात बदलले असले, तरी ही योजना कायम राहिली आहे.

संस्थेच्या हिशेबातील वजावटी : जागेचे भाडे, दुरुस्ती, विमा, नोकरांचे पगार, कर्जावरील व्याज, बुडीत कर्जे व मालमत्तेवरील घसारा [⟶ घसारा] यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांत न बसणारा खर्च पूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असेल व तो भांडवली किंवा खाजगी स्वरूपाचा नसेल, तरच वजा होतो. दुकानाचे भाडे हा महसुली खर्च असल्याने वजा होतो. दुकान विकत घेण्याची किंमत भांडवली असल्याने होत नाही, तिच्यावर केवळ घसारा मिळतो. एकाच व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास, नियमांत सांगितलेले अपवाद सोडता, तो खर्च अमान्य होतो. माल वाहतूकदारांच्या बाबतीत ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. कर, शुल्क व भविष्यनिर्वाह निधीतील मालकाची वर्गणी यांसारख्या रकमा केवळ देय होऊन भागत नाही. त्या मुदतीत प्रत्यक्ष भरलेल्या असाव्या लागतात.

मेहनताना व व्याज : भागीदारांस दिलेल्या मेहनतान्याची वजावट मिळण्यास पुढील अटी आहेत. भागीदारी लेखी करारनाम्याने झालेली असावी व त्यात प्रत्येकाचा वाटा नमूद असावा. मेहनताना क्रियाशील भागीदारास, म्हणजे संस्थेच्या कामकाजात प्रत्यक्ष भाग घेणाऱ्या व्यक्तीस, दिलेला असावा. तो करारनाम्याने अधिकृत केलेला व करारनाम्याच्या तारखेनंतरच्या काळाचा असावा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९६ मधील परिपत्रकानुसार, करारनाम्यात मेहनतान्याची रक्कम किंवा ती ठरविण्याची रीत दिलेली असणे आवश्यक आहे. ‘भागीदार परस्परसंमतीने ठरवतील ती रक्कम’ असा मोघम उल्लेख पुरेसा होत नाही. भागीदाराच्या भांडवलावरील व्याजाची वजावट करारनाम्यात तरतूद असल्यास द.सा.द.शे. १२ पर्यंत सरळव्याजाने मिळते.

२०२५–२६ या करनिर्धारण वर्षापासून मेहनतान्याची कमाल मर्यादा अशी आहे : पुस्तकी नफ्याच्या पहिल्या ६ लाख रुपयांवर ३ लाख रुपये किंवा नफ्याच्या ९० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती, उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. तोटा झाला असला, तरी ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. पुस्तकी नफा म्हणजे व्याज व इतर खर्च वजा केल्यानंतरचा, परंतु भागीदारांचा मेहनताना वजा करण्यापूर्वीचा नफा होय.

उदा., एका संस्थेचा २०२५–२६ या आर्थिक वर्षातील पुस्तकी नफा १० लाख रुपये असून तिचे दोन्ही भागीदार क्रियाशील आहेत. पहिल्या ६ लाखांवर ५,४०,००० व उरलेल्या ४ लाखांवर २,४०,००० मिळून मर्यादा ७,८०,००० रुपये होते. करारनाम्यानुसार प्रत्येकी ३,९०,००० रुपये दिल्यास संस्थेचे करपात्र उत्पन्न २,२०,००० रुपये राहते व ३० टक्के कर आणि त्यावरील ४ टक्के उपकर मिळून ६८,६४० रुपये भरावे लागतात. भागीदारांस अन्य उत्पन्न नसेल, तर नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असल्याने त्यांना कर पडत नाही. करारनाम्यात मेहनतान्याची तरतूद नसेल, तर पूर्ण १० लाखांवर ३,१२,००० रुपये कर द्यावा लागतो. काम तेच, नफा तोच. एका कलमाच्या अभावी २,४३,३६० रुपयांचा अधिक भार पडतो. अमान्य झालेल्या मेहनतान्यावर भागीदाराकडून पुन्हा कर घेतला जात नाही. तथापि संस्थेचा दर पहिल्या रुपयापासून ३० टक्के असल्याने लहान व्यावसायिकाचे नुकसान टळत नाही.

भागीदाराचा स्वतःचा खर्च : संस्थेकडून मिळालेला मेहनताना व व्याज हे भागीदाराचे वेतन नव्हे, तर धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न समजले जाते. त्यामुळे पगारदारास मिळणारी प्रमाणित वजावट त्यास मिळत नाही. मात्र हे उत्पन्न मिळविण्यासाठी स्वतः केलेला प्रवास, दूरध्वनी, वाहन इ. खर्च आणि भांडवलासाठी काढलेल्या कर्जावरील व्याज त्यातून वजा मागता येते. वाहनाचा वापर अंशतः खाजगी असेल, तर त्या प्रमाणात खर्च व घसारा कमी केला जातो.

नफ्याचा वाटा करमुक्त असल्यामुळे तो मिळविण्यासाठी झालेल्या खर्चाची वजावट मिळत नाही. म्हणून मेहनताना व व्याज एकीकडे आणि करमुक्त वाटा दुसरीकडे, अशी खर्चाची विभागणी करावी लागते. हा नियम भागीदाराच्या वाट्यासही लागू आहे, असा निर्णय प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद येथील विशेष पीठाने २०१२ मध्ये दिला. जो भागीदार केवळ नफ्याचा वाटा घेतो, त्याचा पदरचा खर्च त्यामुळे वाया जातो. अशा खर्चाची पावती संस्थेस देऊन त्याची भरपाई संस्थेच्या हिशेबातून घेणे, हा सरळ मार्ग होय.

अनुमानित उत्पन्नाची पद्धत : लहान संस्थांना प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब न देता उलाढालीच्या ८ टक्के, व धनादेश वा बँकेद्वारे आलेल्या रकमेवर ६ टक्के, उत्पन्न मानून कर भरता येतो. २०१७–१८ या करनिर्धारण वर्षापासून या अनुमानित उत्पन्नातून भागीदारांचा मेहनताना व व्याज वेगळे वजा होत नाही. मर्यादित दायित्व भागीदारीस ही पद्धत उपलब्ध नाही. भागीदाराने आपल्या मेहनतान्यालाच उलाढाल मानून ही पद्धत वापरणे मद्रास उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अमान्य केले.

उगमस्थानी करकपात : १ एप्रिल २०२५ पासून संस्थेने भागीदारास दिलेला किंवा त्याच्या खात्यात जमा केलेला मेहनताना, कमिशन, बोनस व व्याज यांची वर्षातील बेरीज २०,००० रुपयांहून अधिक झाल्यास १० टक्के कर कापून घेणे बंधनकारक झाले. नफ्याचा वाटा व भांडवलाची उचल यांना ही कपात लागू नाही.

इतर देशांतील पद्धती : ग्रेट ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे सर्वसाधारण भागीदारी संस्थेवर प्राप्तिकर नसून तो भागीदारांकडून त्यांच्या वाट्यानुसार घेतला जातो. ब्रिटनमध्ये भागीदाराने पदरचा केलेला व्यवसायखर्च संस्थेच्या विवरणातच दाखवावा लागतो. वैयक्तिक विवरणात तो वेगळा मागता येत नाही. अमेरिकेत करारानुसार जो खर्च भागीदाराने स्वतःच सोसावयाचा असतो व ज्याची भरपाई संस्था करीत नाही, तो त्याला आपल्या विवरणात वजा मागता येतो. परंतु भरपाई मिळण्याचा हक्क असूनही ती न मागितल्यास वजावट नाकारली जाते. पद्धती भिन्न असल्या, तरी खर्चाचा भार संस्थेचा की भागीदाराचा, हे आधी ठरविणे सर्वत्र आवश्यक मानले जाते.