दूरच्या यंत्राची नाडीपरीक्षा

मडके विकत घेताना जाणती माणसे ते बोटाने वाजवून पाहतात. नाद खणखणीत आला तर मडके पक्के, बद्द आला तर कोठेतरी चीर आहे, असे समजावे. संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजेच सॉफ्टवेअरची, गोष्ट याहून फारशी निराळी नाही. मात्र मडके एकदा भाजले की बदलत नाही. आज्ञावलीत सतत फेरफार होत असतात, आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती पुष्कळदा भलत्याच ठिकाणी चीर पाडते. प्रत्येक फेरफारानंतर बँकेची किंवा रेल्वे आरक्षणाची सारी आज्ञावली माणसाने हाताने तपासावयाची म्हटले, तर ते काम कधी पुरे व्हावयाचे नाही. म्हणून तपासण्याचे कामही यंत्राकडेच सोपविण्यात आले आहे. यालाच स्वयंचलित चाचणी असे म्हणतात. ही चाचणी कशी चालते, आणि चाचणी घेणारे यंत्र दूरदेशी असता तेथील दोष कसा हुडकून काढतात, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

चाचणी म्हणजे वस्तुतः एक छोटीशी प्रश्नपत्रिकाच होय. प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. आज्ञावलीला प्रश्न घालावयाचा आणि तिचे उत्तर त्या उत्तराशी ताडून पाहावयाचे. सारी उत्तरे जुळली तर पडद्यावर हिरवी खूण उमटते, एक जरी चुकले तरी तांबडी. हे काम प्रोग्रामरच्या मेजावरील संगणकापेक्षा बहुधा दूरच्या एखाद्या मोठ्या यंत्रागारातील संगणकावर चालते. गिटहबसारख्या सेवेत तर प्रत्येक चाचणीसाठी कोरे करकरीत आभासी यंत्र उभे केले जाते आणि चाचणी संपताच ते मोडून टाकले जाते. कालच्या कामाचा केरकचरा आजच्या चाचणीत येऊ नये, हा त्यातील हेतू.

परंतु येथेच अडचण उद्भवते. प्रोग्रामरच्या मेजावर हिरवी खूण आणि दूरच्या यंत्रावर तांबडी, असे वारंवार घडते. अशा वेळी ‘माझ्याकडे तर ठीक चालते’ असे म्हणून हात झटकण्याचा मोह होतो. तथापि दोन यंत्रांची उत्तरे भिन्न आली, तर त्या दोन यंत्रांत किंवा त्यांच्या परिस्थितीत काही तरी भेद असलाच पाहिजे. तो भेद शोधणे हेच खरे काम.

त्यासाठी प्रथम दूरच्या यंत्रात प्रवेश मिळावयास हवा. आज यासाठी सर्वांत प्रचलित असलेले साधन म्हणजे ‘सिक्युअर शेल’, संक्षेपाने एसएसएच. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी चोरून परवलीचे शब्द टिपल्याचे उघडकीस आले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ साली हे साधन तयार केले. त्यापूर्वीच्या टेलनेटसारख्या साधनांत परवलीचा शब्द तारेवरून उघड्या पोस्टकार्डासारखा जात असे. एसएसएचमध्ये सारे संभाषण गूढलिपीत चालते. शिवाय परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते: एक सार्वजनिक किल्ली दूरच्या यंत्रावर ठेवावयाची, दुसरी खासगी किल्ली आपल्याजवळ जपावयाची. खासगी किल्ली तारेवरून कधीच जात नाही. ती आपल्यापाशी आहे एवढेच गणिताने सिद्ध केले जाते.

आत शिरल्यावर लगेच दुरुस्तीला हात घालू नये. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसाच येथील क्रम आहे. प्रथम यंत्राने स्वतः लिहून ठेवलेली नोंदवही, म्हणजे लॉग, वाचावी. पहिली चूक कोठे झाली ते पाहावे. पुढच्या चुका बहुधा तिचीच पिल्ले असतात. मग डिस्कवर जागा उरली आहे काय, स्मृती अपुरी पडली काय, घड्याळ कोणत्या वेळेवर लावले आहे, हे तपासावे. यंत्र मोडण्याआधी नोंदवही आणि इतर पुरावा दुसरीकडे उतरवून घ्यावा. अगदी गरज पडली तर डिबगर नावाच्या साधनाने आज्ञावली ओळीओळीला थांबवून तिच्या पोटातील आकडे पाहता येतात. काम संपताच प्रवेशाचे दार आठवणीने बंद करावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पणजीतील एका प्रोग्रामरने प्रवेशअर्ज स्वीकारणारी आज्ञावली लिहिली. मुदतीची तारीख उलटल्यावर अर्ज नाकारावा, असा नियम. त्याच्या संगणकावर चाचणी नेहमी उत्तीर्ण होते. दूरच्या यंत्रावर मात्र ती दिवसा उत्तीर्ण आणि मध्यरात्रीनंतर अनुत्तीर्ण! कारण शोधू जाता असे दिसते की, त्या यंत्राचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. आपल्याकडे रात्री १२ वाजता तारीख बदलते, तेव्हा तेथे अद्याप आदल्या दिवसाचे सायंकाळचे ६.३० झालेले असतात. म्हणून रात्री १२ ते पहाटे ५.३० पर्यंत दोन यंत्रांच्या तारखा निरनिराळ्या असतात. चाचणीने हे दाखविले नसते, तर मुदत संपल्यावरही अर्ज स्वीकारले गेले असते.

कधी येणारा आणि कधी न येणारा असा दोष सर्वांत कठीण. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मंगळावर घडले. अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरले. काही दिवसांनी, हवामानाची निरीक्षणे सुरू झाल्यावर, त्याचा संगणक मधूनच आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला, आणि त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाऊ लागले. यंत्राशी बोलावयाचे तर संदेश पोहोचावयासच सुमारे दहा मिनिटे लागत.

पासाडिना येथील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत त्याच बनावटीचा संगणक होता. तंत्रज्ञांनी त्यावर तीच आज्ञावली, प्रत्येक घटनेची नोंद ठेवीत, तासन् तास चालविली, आणि अखेर दोष पकडला. तो समजण्यासाठी आपल्या शाळेचीच कल्पना करा. नकाशांच्या कपाटाची किल्ली एकच. ती एका लहान विद्यार्थ्याच्या हाती आहे आणि मुख्याध्यापक तिच्यासाठी खोळंबले आहेत. विद्यार्थी परत येऊ पाहतो, पण वाटेत भेटणारे शिक्षक त्याला थांबवून आपलीच कामे आधी उरकून घेतात. मुख्याध्यापकांचे काम अडलेले पाहून शिपायाला वाटते, शाळाच बंद पडली; तो घंटा देऊन सर्वांना घरी पाठवितो! यानात मुख्याध्यापकांच्या जागी माहितीची ने-आण सांभाळणारे काम होते, विद्यार्थ्याच्या जागी हवामानाचे, आणि मधल्या शिक्षकांच्या जागी संदेशवहनासारखी कामे. उपाय सोपा होता: किल्ली हाती असेपर्यंत त्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांचाच मान द्यावा, म्हणजे मध्ये कोणी त्याला अडविणार नाही. ही सोय यंत्रात होतीच. ती बंद होती. ती चालू करणारा बदल मंगळावर पाठविण्यात आला आणि तो विकार थांबला. तीस दिवसांसाठी योजिलेले ते यान जवळजवळ तीन महिने बोलत राहिले. त्याचा शेवटचा संदेश २७ सप्टेंबर १९९७ रोजी आला.

यातील दोन गोष्टी विद्यार्थिमित्रांनी ध्यानात ठेवाव्यात. उतरण्यापूर्वीच्या चाचण्यांत हा दोष ओझरता दिसला होता. परंतु शोधू जाता तो पुन्हा दिसला नाही. म्हणजे एकदाच उमटलेली तांबडी खूणही खोटी नव्हती. दुसरे असे की, घटनांची नोंद ठेवण्याची व्यवस्था उड्डाणापूर्वी आज्ञावलीतून काढून टाकलेली नव्हती. म्हणूनच कोट्यवधी मैलांवरील यंत्राचे दुखणे पृथ्वीवर बसून ओळखता आले.

उद्या तुमच्यापैकी कित्येकजण असल्या यंत्रांवर काम कराल. तुमच्या आज्ञावलीवर कोणाचे वेतन, कोणाचा प्रवेश, कोणाचे औषध अवलंबून असेल. तेव्हा चाचणी पुन्हा चालवून हिरवी खूण आली एवढ्यावर समाधान मानू नका. मघाशी ती तांबडी का होती, हे कळेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये.