मर्दुमकीचा पगार

लष्करी शौर्यपदक म्हटले की आपल्याला व्हिक्टोरिया क्रॉस किंवा परमवीर चक्र आठवते. पण व्हिक्टोरिया क्रॉसच्याही एकोणीस वर्षे आधी, १८३७ साली, ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे पदक सुरू केले होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याचे नियम फार बोलके वाटतात.

या पदकाचे तीन वर्ग होते. रणांगणावर असामान्य धैर्य दाखवणाऱ्याला प्रथम तिसऱ्या वर्गाची रुप्याची चांदणी मिळे. पुन्हा तसाच पराक्रम केला तर दुसरा वर्ग, आणि तिसऱ्यांदा प्राण पणाला लावला तर सोन्याचा पहिला वर्ग! बरोबर पगारही वाढे : तिसऱ्या वर्गाला एक तृतीयांश, दुसऱ्याला दोन तृतीयांश आणि पहिल्याला दुप्पट. मालक व्यापारी, तेव्हा शौर्याचा हिशेबही अपूर्णांकांत! तरीही ही तरतूद हसण्यावारी नेऊ नये. पोटासाठी पलटणीत गेलेल्या माणसाच्या घरी छातीवरच्या चांदणीपेक्षा ही वाढच अधिक कामी येत असणार. पदकधारकाच्या विधवेलाही तीन वर्षे निवृत्तिवेतन मिळे.

पहिले मानकरी ठरले ते बंगालच्या सॅपर पलटणीचे, म्हणजे सुरुंग लावणारे, रस्ते-पूल बांधणारे सैनिक. १८३९ साली त्यांनी अफगाणिस्तानातील गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा उडवला होता.

असाच दुसरा दरवाजा १४ सप्टेंबर १८५७ रोजी दिल्लीत उडवला गेला, तो काश्मिरी दरवाजा. समोरून गोळ्या येत असताना गोरे आणि हिंदी सॅपर दारूच्या पिशव्या घेऊन धावले. होम व सॅल्केल्ड हे अधिकारी, सार्जंट स्मिथ आणि बिगुलवाला हॉथॉर्न यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी सॅपरांना ऑर्डर ऑफ मेरिट. दरवाजा एक, दारू एक, मरणही एकच. पदके मात्र दोन! व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायाला मिळतच नसे. शिवाय हे सॅपर आपल्याच देशबांधवांवर चालून गेले होते. त्यांच्या धैर्याविषयी मला शंका नाही, पण अभिमान वाटून घेताना मन अडखळते.

१८९७ साली सारागढीच्या चौकीवर हवालदार ईशर सिंग यांच्यासह ३६ व्या शीख पलटणीचे २१ जण शेवटच्या माणसापर्यंत लढले. त्या सर्वांना मरणोत्तर हेच पदक दिले गेले. १९०२ मध्ये इंग्लंडच्या राजाने स्वतःची ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ काढली, आणि घोटाळा नको म्हणून जुन्या पदकामागे ‘इंडियन’ हा शब्द चिकटला.

१९११ साली हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला झाला. तो प्रथम खुदादाद खान यांना १९१४ मधील बेल्जियममधल्या लढाईसाठी मिळाला. पुढे १९४४ साली इटलीत धारातीर्थी पडलेले माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे याच यादीत आले.

इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट १९४७ मध्ये संपले. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या परमवीर चक्राला वर्ग नाहीत, आणि ते देताना हुद्दाही पाहिला जात नाही. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कारवारजवळच्या चेंडिये गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे होते. तेही सॅपरच, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये जखमी असतानाही त्यांनी राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला. हे पदक हयातीत स्वीकारणारे ते पहिले वीर. १९९४ साली ते पुण्यात वारले.